पावसाळ्याचा पैसा : घरगुती जमाखर्चाचा एक वर्गपाठ
(इयत्ता सहावी व सातवी)

विषयप्रवेश

जमाखर्च हा प्राथमिक शाळेच्या गणितातील जुना विषय आहे. मुले बेरीज-वजाबाकी बिनचूक करतात, शिल्लक काढतात, उत्तराखाली दुहेरी रेघ ओढतात. परंतु त्या हिशेबाचा आपल्या घरच्या व्यवहाराशी काही संबंध असेल असे त्यांना वाटत नाही. हा दोष मुलांच्या आकलनाचा नसून उदाहरणाचा आहे. ‘एका गृहस्थाचा मासिक पगार इतका, घरभाडे इतके, किराणा इतका, तर शिल्लक किती?’ या घाटाचे उदाहरण पगारदाराच्या घरास लागू पडते. शिक्षकाच्या घरासही ते लागू पडते. वर्गातील बहुसंख्य मुलांच्या घरी मात्र पहिल्या तारखेस पगार येत नाही. तेथे पैसा सुगीला येतो आणि खर्च रोज होतो. म्हणून अशा घराचा मेळ महिन्यावर बसत नाही. तो वर्षावर बसवावा लागतो. ही एक गोष्ट मुलांच्या मनात पक्की व्हावी, एवढाच प्रस्तुत पाठाचा गाभा आहे.

हिशेबाची वही कोणाच्या हाती

हा विषय किती जिव्हाळ्याचा आहे हे इतिहासाच्या तासालाही सांगता येईल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारास जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या बाहेर काढून जाळल्या. पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. त्याच्या आधी, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) येथील कापसाला चढा भाव मिळाला होता. हाती पैसा खेळू लागला, पतही वाढली आणि त्या पतीवर कर्जे झाली. युद्ध संपले, भाव उतरले. कर्जे मात्र तशीच राहिली. किती घेतले, किती फेडले, व्याज किती चढले, हे सारे एकाच वहीत होते आणि ती वही सावकाराच्या दिवाणखान्यात होती.

पुढे १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणासाठी दख्खनचा कायदा झाला. फेडलेल्या रकमेची लेखी पावती मिळावी, मागितल्यास वर्षाचा हिशेब मिळावा, खाते नोंदविलेले पासबुक मिळावे, असे हक्क त्या कायद्याने शेतकऱ्यास दिले. परंतु ज्याला पावती वाचता येत नाही त्याला पावतीचा हक्क मिळून न मिळाल्यासारखाच असतो. जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ अविद्येत दाखविले, ते याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर. घरातील एका तरी व्यक्तीस आपला हिशेब आपल्या वहीत लिहिता यावा, हे काम शेवटी शाळेकडेच येते.

पाठाचे हेतू

१. शेतकरी कुटुंबाची वार्षिक जमा व वार्षिक खर्च यांचा मेळ विद्यार्थ्यांस मांडता यावा.
२. कोणत्या काळात पैसा उरतो व कोणत्या काळात तुटतो हे त्यांस ओळखता यावे.
३. एखादे उद्दिष्ट रक्कम व मुदत यांसह निश्चित करून त्यासाठी हप्ता काढता यावा.
४. रोजच्या किरकोळ खर्चाची नोंद ठेवण्याची सवय लागावी.

यासाठी चार तासिका पुरतात. साहित्य म्हणजे फळा, खडू आणि प्रत्येक मुलामागे एक चाळीस पानी वही. आरंभी सांगून ठेवावे की फळ्यावरील कुटुंब कल्पित आहे व त्याचे आकडे सोयीसाठी घेतले आहेत. शिक्षकाने ते आपल्या गावचे पीक व भाव पाहून बदलावेत.

तासिका पहिली : येणे आणि जाणे

पाठास प्रश्नोत्तरांनी आरंभ करावा.

शिक्षक : घरात गोडेतेल किती दिवसांनी आणावे लागते?
विद्यार्थी : दर बाजारी.
शिक्षक : आणि सोयाबीन वर्षातून किती वेळा विकले जाते?
विद्यार्थी : एकदाच, दिवाळीच्या सुमारास.
शिक्षक : मग पुढच्या श्रावणातले तेल कोणत्या पैशाने आणावयाचे?

या प्रश्नावर वर्ग थबकेल. त्यास थबकू द्यावे. कोणी ‘दुधाच्या’ म्हणेल, कोणी ‘मजुरीच्या’, कोणी ‘उसने घेऊन’. तिन्ही उत्तरे फळ्यावर लिहावीत. तिन्ही खरी आहेत. ‘पैसा सुगीला येतो, खर्च रोज होतो,’ हे वाक्य शेवटी मुलांकडूनच काढून घ्यावे व वहीच्या पहिल्या पानावर लिहवून घ्यावे.

तासिका दुसरी : तीन चौमाहींचा मेळ

आपल्याकडे वर्षाचे पावसाळा, हिवाळा व उन्हाळा असे तीन भाग मुलांच्या परिचयाचे आहेत. हिशेबही याच तीन भागांत मांडावा. कल्पित कुटुंबाकडे थोडी जिरायत जमीन, एक गाय आणि आईवडिलांची अधूनमधूनची मजुरी आहे. गाय वर्षातून आठ महिने दूध देते आणि डेअरीचे बिल दर दहा दिवसांनी १,५०० रुपये येते.

पावसाळा (जून ते सप्टेंबर)
जमा : दोन महिन्यांचे दूध ९,०००, मजुरी ८,०००. एकूण १७,०००.
खर्च : बियाणे, खत, फवारणी, खुरपणी ३०,०००, किराणा १६,०००, वीज, गॅस, मोबाइल ४,०००, पेंड व चारा ३,०००, शाळा व कपडे ६,०००, दवाखाना ४,०००, सणवार २,०००, किरकोळ ३,६००. एकूण ६८,६००.
तूट : ५१,६००.

हिवाळा (ऑक्टोबर ते जानेवारी)
जमा : सोयाबीन १६ क्विंटल, दर ४,५०० प्रमाणे ७२,०००, चार महिन्यांचे दूध १८,०००, मजुरी ६,०००. एकूण ९६,०००.
खर्च : काढणी, मळणी व हरभऱ्याची पेरणी १४,०००, किराणा १६,०००, वीज, गॅस, मोबाइल ४,०००, पेंड व चारा ४,०००, कपडे ३,०००, दवाखाना २,०००, दिवाळी व पाहुणे ४,०००, किरकोळ ३,६००. एकूण ५०,६००.
शिल्लक : ४५,४००.

उन्हाळा (फेब्रुवारी ते मे)
जमा : हरभरा ८ क्विंटल, दर ५,००० प्रमाणे ४०,०००, दोन महिन्यांचे दूध ९,०००, मजुरी ६,०००. एकूण ५५,०००.
खर्च : काढणी व मळणी ४,०००; किराणा १६,०००; वीज, गॅस, मोबाइल ४,०००; पेंड व चारा ५,०००; दवाखाना २,०००; लग्नकार्ये व आहेर ६,०००; किरकोळ ३,६००. एकूण ४०,६००.
शिल्लक : १४,४००.

वर्षाची एकूण जमा १,६८,००० आणि एकूण खर्च १,५९,८०० रुपये. वर्षाअखेर ८,२०० रुपये उरतात. म्हणजे हे कुटुंब आपल्या मिळकतीत वर्ष काढू शकते. येथे शिक्षकाने दुसरा प्रश्न विचारावा : ‘वर्षाचा मेळ जमतो, तर मग असे कुटुंब जूनमध्ये कर्ज का काढते?’

मुलांना आकड्यांकडे पुन्हा पाहण्यास सांगावे. हिवाळ्याची व उन्हाळ्याची शिल्लक मिळून ५९,८०० होते. त्यांपैकी ५१,६०० पावसाळ्याची तूट भरण्यास लागतात. दिवाळीत हातात जी रक्कम दिसते तिचा फार मोठा भाग असा पुढील पावसाळ्याच्या नावाने बांधलेला असतो. तो कोठे लिहून ठेवलेला नसतो, म्हणून मोकळा वाटतो. मग टीव्ही येतो, गाडीचा पहिला हप्ता भरला जातो, आहेराचा आकडा चढतो. यांपैकी कोणतीही गोष्ट मुळात गैर नाही. ती कोणाच्या पैशाने होत आहे एवढे मात्र कळले पाहिजे.

पावसाळ्याच्या या रकमेस मुलांकडून एक नाव द्यावे. ‘पावसाळ्याचा पैसा’ हे नाव सोपे आहे. धान्याच्या कणगीतून बियाण्याचे दाणे खाऊ नयेत हे शेतकऱ्याच्या मुलास शिकवावे लागत नाही. पावसाळ्याचा पैसा हेही एक प्रकारचे बियाणेच आहे असे सांगितले की मुद्दा तत्काळ ध्यानात येतो. सोयाबीनची पट्टी हाती येताच ही रक्कम बँकेत सहा महिन्यांच्या मुदत ठेवीत टाकली, तर ती नजरेआड राहते व मोडावयाची झाल्यास बँकेपर्यंत जावे लागते. त्या खेपेत विचार करण्यास सवड मिळते.

तासिका तिसरी : व्याज आणि उद्दिष्ट

समजा, पावसाळ्याच्या पैशातून २०,००० रुपये आधीच खर्च झाले आणि तेवढी रक्कम जूनमध्ये शेकडा पाचने घेतली. ‘शेकडा पाच’ हा शब्द मुलांनी ऐकलेला असतो. तो दरमहाचा असतो हे पुष्कळांच्या लक्षात आलेले नसते. दरमहा १,००० रुपये व्याज म्हणजे वर्षाला १२,०००, अर्थात शेकडा ६०. सोयाबीन विकून पाच महिन्यांनी फेड केली तरी व्याजाचे ५,००० रुपये जातात. शिवाय मुद्दलाचे २०,००० त्याच सोयाबीनमधून द्यावे लागतात. म्हणजे पुढील पावसाळ्यासाठी ठेवावयाच्या रकमेत २५,००० रुपयांचे भगदाड पडते. एका वर्षी काढलेले कर्ज दरवर्षी का काढावे लागते याचे उत्तर या एका वजाबाकीत आहे.

याच ठिकाणी सहकारी सेवा संस्थेच्या पीककर्जाची माहिती द्यावी. पेरणी व खतासाठी लागणारे ३०,००० रुपये पीककर्जातून मिळाले तर पावसाळ्याची तूट २१,६०० वर येते. वेळेवर फेडणाऱ्यास व्याजात सवलत मिळते, म्हणून पीककर्जाची फेड सोयाबीनच्या पट्टीतून प्रथम बाजूस काढावी. महाराष्ट्रात सावकारीस परवाना लागतो व सावकारास चक्रवाढ व्याज घेता येत नाही, हे २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याचे दोन मुद्देही वरच्या वर्गास सांगावेत. गावातील कोणा व्यक्तीचे नाव मात्र या चर्चेत येऊ देऊ नये.

यानंतर उद्दिष्टाकडे वळावे. ‘पुढे मोठे घर बांधीन’, ‘खूप पैसे साठवीन’ अशी वाक्ये मुले लिहितात. त्यांत इच्छा आहे, उद्दिष्ट नाही. काय, किती व केव्हा या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे इच्छेचे उद्दिष्ट होते.

ज्या गावात शाळा सातवीपर्यंतच आहे तेथे जवळचेच उदाहरण घ्यावे. मुलगी आठवीला पाच किलोमीटरवरच्या गावी जाणार आहे. एस.टी.ची वेळ शाळेशी जुळत नाही. सायकल हवी, तिची किंमत ५,४०० रुपये धरू. मुदत पुढील जून. महिन्याला ४५० रुपये हे उत्तर मुले चटकन देतील, परंतु या घरात महिन्याला पैसा येत नाही. मग हप्ता कशास बांधावा? दुधाच्या बिलास. आठ महिन्यांत दर दहा दिवसांचे एक याप्रमाणे २४ बिले येतात. ५,४०० भागिले २४, म्हणजे प्रत्येक बिलातून २२५ रुपये. ज्या दिवशी बिल मिळेल त्याच दिवशी २२५ वेगळे, उरलेले १,२७५ घरात. वर्षाअखेरच्या ८,२०० मधून सायकलीचे ५,४०० गेले तरी आजारपणासाठी २,८०० राहतात.

हे गणित सोडविताना शिक्षकाने एक गोष्ट ध्यानात बाळगावी. कर्जाच्या उदाहरणातील व्याज ५,००० होते आणि सायकलीची किंमत ५,४०० आहे. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत व काही न बोलता क्षणभर थांबावे. सातवीनंतर मुलीचे नाव शाळेतून निघते तेव्हा ‘परिस्थिती नव्हती’ एवढेच कारण सांगितले जाते. त्या परिस्थितीचा काही भाग खरोखरच दारिद्र्याचा असतो आणि त्यावर जमाखर्चाची वही हा उपाय नव्हे. परंतु काही भाग न मांडलेल्या हिशेबाचा असतो, आणि तेवढा तरी शाळेच्या हातचा आहे. शासकीय योजनेतून सायकल मिळत असेल तर तिचा लाभ अवश्य घ्यावा व पाठासाठी नववीची पुस्तके, शिलाईयंत्र असे दुसरे उद्दिष्ट घ्यावे.

पैसा कोठे साठवावा, हाही प्रश्न येईल. आई बचत गटात असेल तर तेथे. गावात टपाल कार्यालय असेल तर तेथे. दहा वर्षांवरील मुलास टपाल कार्यालयात स्वतःच्या नावाने बचत खाते काढता येते. तेथील आवर्त ठेव दरमहा १०० रुपयांपासून पाच वर्षांसाठी असते. दहा वर्षांखालील मुलींसाठी २०१५ साली सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना आहे. तीत वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात. एका वर्षाच्या उद्दिष्टास बचत खाते बरे, दूरच्या उद्दिष्टास ठेव बरी, हा भेद समजावून द्यावा.

तासिका चौथी : किरकोळ खर्चाची नोंद

वरील हिशेबात ‘किरकोळ’ म्हणून दर चौमाहीस ३,६०० रुपये आले आहेत. दररोज ३० रुपये, महिन्याला ९००, वर्षाला १०,८००. हा आकडा मुलांकडून काढून घ्यावा आणि त्यात ५,४०० ची सायकल किती वेळा बसते ते विचारावे. उत्तर दोन आहे. चहा, पान, वेफर्सचे पाकीट, मोबाइलचे वाढीव रिचार्ज, असा हा सारा खर्च असतो. तो अजिबात बंद करावा असा उपदेश करू नये. उपदेश कोणी पाळीत नाही. ३० चे २० केले तर वर्षाला ३,६०० वाचतात एवढे गणित पुरे आहे.

आज एक नवी अडचण आहे. मोबाइलवरून दिलेला पैसा हातातून जाताना दिसत नाही. नोट मोडली की खिसा हलका झाल्याचे जाणवते; दुकानातील चौकोनी ठशापुढे मोबाइल धरला की तसे काही जाणवत नाही. तथापि त्याच मोबाइलमध्ये प्रत्येक व्यवहाराची तारीख व रक्कम नोंदलेली राहते. ज्या घरी असे व्यवहार होतात तेथील मुलांना रात्री घरच्यांबरोबर बसून त्या नोंदी वहीत उतरविण्यास सांगावे. मोबाइलने लपविलेला खर्च मोबाइलमधूनच बाहेर येतो.

वहीचे पान साधे असावे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, वर आरंभीची शिल्लक, खाली अखेरची. आजची अखेरची शिल्लक ती उद्याची आरंभीची. डबीतील रक्कम व वहीतील शिल्लक जुळली नाही तर खाडाखोड न करता ‘फरक’ म्हणून तो आकडा लिहावा. चार दिवस फरक लिहिला की पाचव्या दिवशी तो सापडतो.

शिक्षकाने घ्यावयाची दक्षता

कोणत्याही मुलास घरची मिळकत वर्गात विचारू नये. ज्याच्या घरी जमीन नाही, ज्याचे वडील नाहीत, ज्याच्या घरावर कर्ज आहे, त्याला मान खाली घालण्याची वेळ आपल्या पाठामुळे येऊ नये. सर्व हिशेब कल्पित कुटुंबाचाच करावा. घरी कोणी स्वतःचा मांडला तर ती वही तपासण्यासाठी मागू नये.

मुलांना घरातील खबरे बनवू नये. वडिलांच्या तंबाखूचा हिशेब मुलाने मांडला तर त्याचा शेवट बहुधा भांडणात होतो आणि वही चुलीत जाते. आरंभ मुलाने स्वतःच्या खाऊच्या पैशापासून करावा. त्याची वही पाहून घरातील माणसे आपण होऊन विचारू लागली तर उत्तमच.

जेथे कुटुंबे ऊसतोडीस जातात तेथे वर्षाची सुरुवात उचलीने होते. उचल ही मिळकत नसून पुढील श्रमातून फेडावयाचे कर्ज आहे, हे तेथील मेळात स्पष्ट लिहावे. समुद्रकाठच्या गावी पावसाळ्यातील मासेमारीबंदीचे महिने तुटीचे धरावेत. भूमिहीन मजुराच्या घरी काम न मिळणारे महिने मोजावेत. पीक बदलेल, महिने बदलतील. तुटीचा काळ शोधून त्याची तरतूद सुगीत करण्याची रीत तीच राहील.

उपयोजन व स्वाध्याय

१. पावसाळ्यात पाऊस लांबला व सोयाबीन १६ ऐवजी १२ क्विंटलच झाले. जमा किती घटेल? वर्षाचा मेळ कसा बसेल? कोणता खर्च पुढे ढकलता येईल व कोणता येणार नाही?
२. गाय आठऐवजी सहा महिनेच दुधावर राहिली, तर सायकलीसाठी प्रत्येक बिलातून किती रुपये वेगळे काढावे लागतील?
३. ८,००० रुपये शेकडा तीन दरमहाने चार महिन्यांसाठी घेतले. व्याज किती?
४. आपले एक उद्दिष्ट काय, किती व केव्हा या तीन शब्दांखाली लिहा.
५. सात दिवस स्वतःच्या किरकोळ खर्चाची नोंद ठेवा.

पहिल्या उदाहरणाचे उत्तर शिक्षकाने आधी सोडवून ठेवावे. चार क्विंटल घटले की जमा १८,००० रुपयांनी कमी होते आणि ८,२०० ची शिल्लक जाऊन ९,८०० ची तूट येते. अशा वर्षी सायकल राहील की आहेर राहील, याचा निर्णय घरातील सर्वांनी बसून करावयाचा असतो. मुलांमध्ये यावर मतभेद होतील. ते होऊ द्यावेत. फक्त प्रत्येकाने आपले मत आकड्यांनिशी मांडावे असा आग्रह धरावा.

हा पाठ वर्षातून केव्हा घ्यावा, याबद्दल एक सूचना. परीक्षेच्या सोयीने तो फेब्रुवारीत घेतला जातो, तेव्हा सोयाबीनचा पैसा खर्च होऊन गेलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात तो घ्यावा. सुट्टीत मळणी होते, माल बाजार समितीत जातो, पट्टी घरी येते. त्या वेळी घरातील एका मुलाच्या किंवा मुलीच्या दप्तरात पावसाळ्याचा आकडा लिहिलेली वही असली पाहिजे.